जपान स्केटिंग संघटनेस खुले पत्र : कॅथी रीड यांची कारकीर्द आणि देशात न रुजलेला आइस डान्स

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
जपान स्केटिंग संघटना, टोकियो

विषय : आइस डान्स या प्रकारासाठी जपानमध्येच कायमस्वरूपी, पगारी प्रशिक्षकपदे निर्माण करण्याबाबत विनंती

महोदय,

मी मूळची कोल्हापूरची. नोकरीच्या निमित्ताने ओसाका परिसरात आले आणि इथलीच झाले. स्केटिंगशी माझा संबंध केवळ प्रेक्षक म्हणून आहे. माझ्या घरातले कुणी स्पर्धेत उतरत नाही, त्यामुळे या पत्रामागे वैयक्तिक लाभाचा प्रश्न नाही. पत्राची जपानी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने स्वतंत्रपणे पाठवीत आहे. मराठी प्रत जाहीर करते आहे ती माझ्यासारख्या कुटुंबांसाठी. जपानात राहणारी कित्येक मराठी घरे हिवाळ्यात दूरचित्रवाणीवर फिगर स्केटिंग आवडीने पाहतात, युझुरू हान्यू आणि माओ असादा ही नावे घरातल्या लहानग्यांनाही पाठ असतात, आणि आइस डान्स, म्हणजे जोडीने बर्फावर करायचे नृत्य, लागला की सगळे चहा टाकायला उठतात. हा दोष त्यांचा नाही. ज्या प्रकाराला देशात घर नाही, त्याच्याकडे परक्या प्रेक्षकाने ओढीने पाहावे अशी अपेक्षा करता येत नाही.

आपल्यापुढे एकच मागणी मांडायची आहे आणि ती जपानकडून आइस डान्स खेळलेल्या कॅथी रीड यांच्या कारकिर्दीच्या आधाराने मांडणे मला सर्वांत सोपे वाटते. निकालपत्रकात त्यांची नोंद शोधली तर २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये सतरावे स्थान आणि २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये एकविसावे स्थान एवढेच हाती लागते, आणि आकड्यांवरून माणसे तोलणारा वाचक तिथेच पान उलटतो. मात्र ही कारकीर्द जवळजवळ पूर्णपणे जपानबाहेर घडली, जपानच्या नावावर घडली, आणि तिचे जे काही फळ आज जपानला मिळते आहे ते त्या स्पर्धेतून बाहेर पडून प्रशिक्षक झाल्यावर मिळते आहे. या क्रमाचा अर्थ संघटनेने गांभीर्याने लावावा, असे मला वाटते.

कॅथी यांचा जन्म १९८७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कालामाझू या गावी झाला. आई जपानी, वडील अमेरिकन. धाकटा भाऊ ख्रिस १९८९ सालचा, आणि त्याहून धाकटी बहीण ॲलिसन १९९४ सालची. कॅथी आणि ख्रिस ही भावंडेच एकमेकांचे जोडीदार झाली आणि २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत नॉव्हिस, म्हणजे कनिष्ठ गटाच्याही खालच्या, गटाचे विजेतेपद त्यांनी मिळवले. त्यानंतर त्यांनी आईच्या देशाकडून खेळायचे ठरवले. अमेरिकेत त्या काळात आइस डान्सच्या जोड्यांची मोठी रांग होती, तर जपानमध्ये नोझोमी वातानाबे आणि आकियुकी किदो यांच्यानंतरची जागा रिकामी होती, त्यामुळे हा निर्णय व्यवहाराचाही होता, असे कुणी म्हटले तर त्यात गैर काही नाही. पण पुढची आठ वर्षे ज्या चिकाटीने ही जोडी जपानचा पोशाख घालून बर्फावर उतरत राहिली, ती पाहता केवळ व्यवहाराने तिचा उलगडा होत नाही. डिसेंबर २००७ पासून डिसेंबर २०१४ पर्यंत, मधले एक वर्ष सोडले तर, जपानचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले. एकूण सात वेळा. जपानी संघाने २०१२ साली टोकियोत जागतिक सांघिक करंडक जिंकला, त्या संघातही ती दोघे होती.

आता सतराव्या स्थानाकडे येते. आइस डान्समध्ये मोठ्या उड्या नसतात, जोडीदाराला डोक्यावर उचलून धरलेले चालत नाही, आणि म्हणून नवख्या प्रेक्षकाला वाटते की यात चूक व्हायला वावच नाही. प्रत्यक्षात बर्फावरच्या पात्याची कड किती खोल लागली, दोघांच्या पावलांत अंतर किती राहिले, एका पायावर फिरत पुढे सरकणाऱ्या ट्विझलमध्ये दोघांची फिरकी एकाच क्षणी सुरू होऊन एकाच क्षणी संपली की नाही, धरलेली पकड मध्येच सैल झाली का, असे सगळे बारकावे परीक्षक आणि तांत्रिक पथक मोजत असते. एकेरीतला गुणी मुलगा एका हंगामात नवी उडी शिकून दहा जागा वर चढू शकतो. आइस डान्समध्ये तसा जिना नाही. तिथे गुण वाढतात ते वर्षानुवर्षे एकाच जोडीदारासोबत, एकाच जाणत्या नजरेखाली घासून घासून.

व्हँकुव्हर हे अनिवार्य नृत्य असलेले शेवटचे ऑलिंपिक होते. तिथे सर्व जोड्यांनी टँगो रोमँटिका हा एकच ठरीव नमुना करून दाखवला, मग त्या हंगामाच्या लोकनृत्य या विषयावर दुसरे नृत्य केले आणि शेवटी मुक्त नृत्य. (मराठी वाचकांसाठी एक आठवण : याच लोकनृत्याच्या फेरीत अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी हिंदी चित्रपटगीतांवर नृत्य केले होते आणि भारतात ती चित्रफीत बरीच फिरली. त्याच फेरीत जपानची जोडीही होती, हे त्या वेळी आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले.) पुढच्याच हंगामापासून अनिवार्य नृत्य आणि हे विषयावरचे दुसरे नृत्य या फेऱ्या एकत्र करून शॉर्ट डान्स आणला गेला, आणि सोचीत फिनस्टेप या ठरीव नमुन्याचा भाग त्या नव्या चौकटीत बसवून करावा लागला. म्हणजे कॅथी यांनी एकाच कारकिर्दीत दोन नियमव्यवस्था अंगवळणी पाडून घेतल्या. आज हाताखालच्या मुलामुलींना नमुना-नृत्ये शिकवताना जुन्या पद्धतीची शिस्त आणि नव्या पद्धतीचा गुणांचा हिशेब, दोन्ही ज्यांच्या पायांना माहीत आहेत अशा प्रशिक्षक जपानमध्ये बोटांवर मोजाव्या लागतील.

व्हँकुव्हरच्या त्या पंधरवड्यात दाइसुके ताकाहाशी यांनी पुरुषांच्या एकेरीत कांस्यपदक मिळवले, माओ असादा यांनी रौप्य मिळवले, आणि सगळ्या वृत्तपत्रांची पाने त्यांनी भरली. हे योग्यच होते. रीड भावंडांविषयी जे थोडे छापून आले ते बहुतेक एका कौतुकाच्या गोष्टीपुरते होते, ती म्हणजे पंधरा वर्षांची ॲलिसन त्याच स्पर्धेत, त्याच बर्फावर, ओतार जापारिद्झे यांच्यासोबत जॉर्जियाकडून उतरली होती. पुढे ॲलिसन इस्राएलकडून खेळल्या, मग लिथुआनियाकडून; नागरिकत्व न मिळाल्याने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला मुकल्या, आणि २०२४ मध्ये कौनासला झालेल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत साउलियस आम्ब्रुलेविचियस यांच्यासोबत त्यांनी कांस्यपदक मिळवले. एका घरातल्या तीन मुलांना खेळण्यासाठी चार देशांची दारे वाजवावी लागली, यावर एक वेगळे पत्र लिहिता येईल आणि ते बहुधा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला लिहावे लागेल. इथे तो विषय वाढवत नाही.

सोचीत सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच झाली. तिची रचना अशी की पुरुष, महिला, पेअर्स (उड्या आणि डोक्यावरच्या उचलींसह जोडीने होणारा प्रकार) आणि आइस डान्स या चारही प्रकारांतले गुण एकत्र होतात. प्रत्येक फेरीत पहिल्याला दहा, दुसऱ्याला नऊ, असे गुण उतरत जातात. जपान त्या वेळी पाचवा आला. कॅथी आणि ख्रिस यांनी सांघिक स्पर्धेत दोन्ही नृत्ये केली. नंतर वैयक्तिक स्पर्धेत मात्र पहिल्या फेरीअखेर ती दोघे एकविसावी राहिली आणि मुक्त नृत्याला वीसच जोड्या पात्र ठरत असल्याने तिथेच थांबली. केवळ एका जागेने. पुढच्या वसंतात, म्हणजे २०१५ मध्ये, कॅथी यांनी स्पर्धात्मक कारकीर्द संपवली. वय सत्तावीस. आइस डान्समध्ये हे वय पिकण्याचे असते. कित्येक जोड्या तिशीत पोचल्यावर पदकांपर्यंत येतात. मुद्दा असा की त्यांची वाढ पूर्ण झाली आणि मग त्या थांबल्या, असे म्हणता येत नाही.

सांघिक स्पर्धेचा हिशेब मी मुद्दाम मांडते, कारण भावनेपेक्षा आकडा संघटनेच्या बैठकीत लवकर ऐकला जाईल. बीजिंगच्या सांघिक स्पर्धेचा निकाल रशियन खेळाडूच्या उत्तेजक प्रकरणामुळे दोन वर्षे रखडला, आणि सुधारित निकालात अमेरिकेला ६५ आणि जपानला ६३ गुण मिळाले. जपानचे कांस्य रौप्यात बदलले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला आयफेल टॉवरच्या सावलीत ती पदके दिली गेली, हा सोहळा मी आनंदाने पाहिला. पण या दोन गुणांच्या फरकाच्या आत डोकावून पाहा. आइस डान्सच्या दोन फेऱ्यांतून अमेरिकेने वीसपैकी वीस गुण घेतले. जपानच्या मिसातो कोमात्सुबारा आणि ताकेरू कोलेतो यांनी पहिल्या फेरीत सातवे आणि मुक्त नृत्यात पाचवे येऊन दहा गुण मिळवले. उरलेल्या तिन्ही प्रकारांची बेरीज केली तर जपान ५३ आणि अमेरिका ४५, म्हणजे जपान स्पष्टपणे पुढे होता. युमा कागियामा, काओरी साकामोतो, वाकाबा हिगुची, शोमा उनो, रिकू मिउरा आणि र्युइची किहारा या सर्वांनी आपापले काम चोख केले होते. सुवर्ण आणि जपान यांच्यामध्ये फक्त आइस डान्स उभा होता. त्यात त्या जोडीचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. उलट त्यांनी ज्या परिस्थितीत ते दहा गुण आणले ती परिस्थितीच माझ्या पत्राचा विषय आहे.

ती परिस्थिती अशी. वातानाबे आणि किदो यांनी २००६ साली तुरीन ऑलिंपिकमध्ये पंधरावे स्थान मिळवले, ते फ्रान्समध्ये लिऑनला राहून. रीड भावंडे न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे निकोलाय मोरोझोव्ह यांच्याकडे शिकली. कॅथी यांच्या निवृत्तीनंतर ख्रिस रीड आणि त्यांची नवी जोडीदार काना मुरामोतो मिशिगनमध्ये मारिना झुएव्हा यांच्याकडे होती. मुरामोतो आणि त्यांचे पुढचे जोडीदार दाइसुके ताकाहाशी त्याच प्रशिक्षिकेच्या मागे फ्लोरिडात गेली. कोमात्सुबारा आणि कोलेतो माँट्रियालला. देश बदलला, खंड बदलला, प्रशिक्षक बदलले, पण वीस वर्षांत एक गोष्ट बदलली नाही : जपानच्या अव्वल जोडीला शिकण्यासाठी जपान सोडावे लागले. बाहेर जाऊन शिकण्यात कमीपणा नाही. माँट्रियालला तर अर्धे जग शिकते. पण बाहेर गेलेल्या जोडीची निवृत्ती झाली की तिने मिळवलेले ज्ञानही बहुतेक वेळा तिकडेच राहते, आणि पुढची जोडी पुन्हा शून्यापासून सुरुवात करते.

एकेरीत आपण असे होऊ दिले नाही. नागोयामध्ये माचिको यामादा यांनी मिदोरी इतो यांना घडवले, इतो १९८९ साली विश्वविजेत्या झाल्या आणि १९९२ साली ऑलिंपिक रौप्यपदक घेऊन आल्या. त्याच रिंकवर, त्याच परंपरेत पुढे माओ असादा वाढल्या, आणि यामादा यांच्याच तालमीत तयार झालेल्या मिहोको हिगुची यांनी शोमा उनो यांना लहानपणापासून शिकवले. आजीची पाककृती जशी आईच्या हातून मुलीकडे येते, तशी ही विद्या एका रिंकमध्ये तीन पिढ्या टिकली. नागोयातल्या सहा वर्षांच्या मुलीला ट्रिपल ॲक्सल ही साडेतीन फेऱ्यांची उडी अशक्य गोष्ट वाटत नाही, कारण ती मारणाऱ्या बाईंचे नाव तिच्या रिंकवर रोज घेतले जाते. आइस डान्सच्या बाबतीत अशी एक जागा, जिथे लहान मुलाला आपल्यापुढे दहा वर्षे मोठी जोडी रोज सरावताना दिसेल, जपानमध्ये फार उशिरापर्यंत नव्हती.

ती आता उजी येथे निर्माण होते आहे आणि त्यात कॅथी रीड यांचा वाटा मोठा आहे. क्योटोच्या दक्षिणेला, चहासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी किनोशिता अकादमीत त्या आइस डान्स शिकवतात. उताना योशिदा आणि मासाया मोरिता ही जोडी त्यांच्याकडे शिकली आहे. मोरिता त्याआधी नाओ किदा यांच्यासोबत कनिष्ठ गटात खेळत असतानाही कॅथी यांच्याच हाताखाली होते. हा तपशील लहान वाटेल, पण माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. एका मुलाची जोडीदार बदलली, गट बदलला, आणि तरीही त्याला देश सोडावा लागला नाही, प्रशिक्षक सोडावा लागला नाही. जोडी मोडली की खेळाडूच संपतो, अशी जी जपानी आइस डान्सची जुनी कहाणी होती, तिच्यात हा फरक पडला आहे.

आइस डान्सच्या प्रशिक्षकाचे कठड्याबाहेर उभे राहून सूचना देऊन भागत नाही. त्याला विद्यार्थ्याची पकड स्वतः धरून त्याच्यासोबत नमुना फिरावा लागतो, म्हणजे मुलाला कळते की जोडीदाराचे वजन कुठल्या क्षणी आपल्याकडे येते आणि कुठल्या क्षणी ते सोडून द्यायचे. त्याला दोन घरांच्या पालकांशी बोलावे लागते, दोघांच्या शाळांच्या वेळा जुळवाव्या लागतात, उंचीतला फरक वाढला तर काय करायचे ते आधी ओळखावे लागते, आणि पंधरा-सोळा वर्षांची दोन मुले एकमेकांशी अबोला धरून बर्फावर उभी असली तर त्यातूनही सराव पुढे न्यावा लागतो. यातले कुठलेही काम हंगामात दोनदा परदेशी तज्ज्ञ बोलावून होणारे नाही.

मुलांच्या तुटवड्याचा प्रश्नही इथेच येतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जपानच्या जोड्यांत उभे राहिलेले पुरुष आठवून पाहा : ख्रिस रीड अमेरिकेत वाढलेले, टिम कोलेतो अमेरिकेत जन्मलेले, ज्यांनी २०२० साली जपानी नागरिकत्व घेतले आणि ताकेरू हे नाव धारण केले, पेअर्समध्ये कॅनडाचे मर्विन ट्रॅन, ज्यांनी नारुमी ताकाहाशी यांच्यासोबत २०१२ साली नीसला जपानसाठी जागतिक कांस्यपदक जिंकले, पण नागरिकत्वाच्या अटीमुळे दोघांना ऑलिंपिकला एकत्र जाण्याचा मार्गच नव्हता आणि ती जोडी त्याच वर्षी मोडली. दुसऱ्या बाजूला दाइसुके ताकाहाशी यांचे उदाहरण आहे. एकेरीतले ऑलिंपिक पदक आणि विश्वविजेतेपद पदरी असलेला हा माणूस चौतिसाव्या वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, इथे ओसाकाजवळच्या कादोमा येथे एनएचके करंडक स्पर्धेत पहिल्यांदा आइस डान्स करायला उतरला, आणि दोन वर्षांच्या आत काना मुरामोतो यांच्यासोबत चार खंडांच्या (युरोपबाहेरच्या देशांच्या) स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला. टाळ्या वाजवण्याजोगीच गोष्ट आहे. पण चौतिसाव्या वर्षी जे जमले ते चौदाव्या वर्षी सुरू झाले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडून गेला. चौदा वर्षांच्या मुलाला आइस डान्सकडे वळायला सांगायचे, तर शिकवणारे माणूस त्याच्या घरापासून रेल्वेच्या अंतरावर असले पाहिजे. हॅकेनसॅक, लिऑन किंवा माँट्रियाल त्याच्या आईवडिलांना परवडणारे नाही.

ख्रिस रीड यांच्याविषयी दोन वाक्ये लिहिल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही. बहिणीच्या निवृत्तीनंतर त्यांनी मुरामोतो यांच्यासोबत जानेवारी २०१८ मध्ये तैपेई येथे चार खंडांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत आइस डान्सचे पदक मिळवणारी आशियाची ती पहिली जोडी होती. पुढच्याच महिन्यात प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये ती दोघे पंधरावी आली, म्हणजे वातानाबे आणि किदो यांच्या बरोबरीला पोचली, आणि मार्चमध्ये मिलानच्या विश्वस्पर्धेत अकरावी. सतराव्या आणि एकविसाव्या स्थानांचे मोल विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. पंधराव्या आणि अकराव्या स्थानावर उभा असलेला हा माणूस त्याआधीची सगळी वर्षे बहिणीचा हात धरून घडला होता, आणि त्याच्याकडून शिकलेल्या मुरामोतो यांनी ताकाहाशी यांना आइस डान्सच्या पहिल्या पायऱ्या चढताना साथ दिली. ख्रिस यांनी २०१९ च्या अखेरीस निवृत्ती जाहीर केली आणि १४ मार्च २०२० रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, हृदयक्रिया बंद पडून डेट्रॉइटमध्ये त्यांचे निधन झाले. दोघांनी मिळून गोळा केलेला जो अनुभव होता, तो आता एका व्यक्तीकडे उरला आहे.

म्हणूनच मला एक काळजी वाटते आणि ती मी स्पष्ट लिहिते. उजीतले काम एका खाजगी उद्योगसमूहाच्या आश्रयावर चालते. किनोशिता समूहाने स्केटिंगसाठी, विशेषतः इतर कुणी विचारत नव्हते त्या पेअर्स आणि आइस डान्ससाठी जे केले आहे त्याबद्दल प्रत्येक चाहत्याने कृतज्ञ असावे. पण जपानमध्ये कंपन्यांच्या आश्रयाने चालणारे खेळांचे संघ मंदीच्या काळात बंद झाल्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत, आणि राष्ट्रीय संघाच्या एक-चतुर्थांश गुणांची जबाबदारी एका कंपनीच्या वार्षिक ताळेबंदावर सोडून देणे हे १९२९ साली स्थापन झालेल्या संघटनेला शोभणारे धोरण नाही.

संघटनेने आइस डान्सची प्रशिक्षकपदे स्वतःच्या खर्चाने, किमान दोन ऑलिंपिक चक्रांच्या मुदतीने निर्माण करावीत. सुरुवातीला कान्साई (ओसाका-क्योटो परिसर) आणि कांतो (टोकियो परिसर) या दोनच भागांत केली तरी चालेल. मुदत आठ वर्षांची असावी असे मी म्हणते, कारण बारा वर्षांची मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत तिचा प्रशिक्षक तिथे असेल, अशी हमी पालकांना मिळाली तरच ते मुलीला एकेरीतून इकडे पाठवतील. या पदांवर पहिला हक्क निवृत्त जपानी आइस डान्सरांचा असावा, मग त्यांचे ऑलिंपिकमधले स्थान काहीही असो. शिकवण्याची पात्रता ठरवताना पदकांची अट घातली तर या यादीत आज एकही नाव उरणार नाही, कारण आइस डान्सच्या वैयक्तिक स्पर्धेत जपानला ऑलिंपिक पदक कधी मिळालेलेच नाही. त्याशिवाय सार्वजनिक रिंकवर आइस डान्सच्या सरावासाठी वेगळी वेळ राखून ठेवावी लागेल. एकेरीच्या सरावात वीस मुले उड्या मारत असताना मध्येच एका जोडीने संपूर्ण रिंक व्यापणारा नमुना फिरणे हे दोघांच्याही जिवाशी खेळणे आहे, आणि होते असे की जोडीच प्रत्येक वेळी बाजूला थांबते.

या मागणीवर खर्चाचा आक्षेप येईल, तो मला मान्य आहे. रिंक चालवणे महाग झाले आहे, विजेचे दर वाढले आहेत, आणि एकेरीतली गुणी मुले इतकी आहेत की त्यांनाच साधने पुरत नाहीत. पण एक जोडी परदेशात ठेवण्यासाठी जो निवास, प्रवास आणि शिकवणीचा खर्च येतो, तो त्या जोडीबरोबर संपतो. तोच पैसा देशातल्या पदावर घातला तर एका वेळी पाच-सहा जोड्यांना त्याचा उपयोग होतो. परदेशी जाणाऱ्या जोडीचे साहाय्य बंद करा, असे मी म्हणत नाही. तिकडून परतल्यावर तिला इथे काम मिळेल अशी व्यवस्था करा, म्हणजे तिकडे केलेला खर्चही वाया जाणार नाही. दुसरा आक्षेप असा ऐकू येतो की जपानी शरीरयष्टीला आणि स्वभावाला आइस डान्स मानवत नाही. हे म्हणणे मला मुळीच पटत नाही. माया आणि ॲलेक्स शिबुतानी या जपानी वंशाच्या अमेरिकन भावंडांनी २०१८ साली आइस डान्समध्ये ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले आहे. त्यांना लहानपणापासून मिळाले ते उत्तम रिंक, सातत्याचे प्रशिक्षण आणि आजूबाजूला सरावणाऱ्या डझनभर जोड्या. वंशाचा प्रश्न तिथे आडवा आला नाही.

आगामी अंदाजपत्रकात आइस डान्सच्या प्रशिक्षकपदांसाठी स्वतंत्र तरतूद करण्याचा विचार आहे काय, असल्यास ती पदे कोणत्या भागांत आणि किती मुदतीची असतील, आणि निवृत्त होणाऱ्या आइस डान्सरांना प्रशिक्षकाच्या परवान्यासाठी संघटना आर्थिक साहाय्य करणार आहे काय, याचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, ही विनंती. उत्तर जपानीत आले तरी त्याचा मराठी अनुवाद मी इथल्या वाचकांपर्यंत पोचवीन.

कळावे,
आपली नम्र,
ओसाका येथील एक मराठी प्रेक्षक